लहान मुलाच्या छातीतला टीबी शोधायला दुर्बिणीचं ऑपरेशन: कोणत्या क्रमाने काय करायचं आणि नमुना वाया कसा जाऊ द्यायचा नाही

ऑपरेशन नीट होतं, जखम भरते, मूल घरी जाऊन खेळायलाही लागतं आणि आठ दिवसांनी हातात कागद येतो त्यावर एवढंच लिहिलेलं की ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींची बारीक गाठ) दिसतोय, टीबी असू शकतो, बाकी तपासण्यांशी जुळवून बघा. डॉक्टर विचारतात कल्चरचं, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीचं काय झालं, आणि तेव्हा लक्षात येतं की कल्चरला काही गेलंच नाही, काढलेला सगळा तुकडा फॉर्मलिनच्या डबीत टाकला गेला. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मेलेला जंतू लॅबमध्ये वाढत नाही, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल हे आता त्या तुकड्यातून कळणं जवळपास संपलंच. मी नाशिकमध्ये मुलांच्या वॉर्डात काम करते, हे पुन्हापुन्हा होताना बघते आणि दरवेळी वाटतं की आईबापाला आदल्या दिवशी कुणी पाच मिनिटं नीट सांगितलं असतं तर हे टळलं असतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

कोणत्या ऑपरेशनबद्दल बोलतोय ते आधी. बरगड्यांच्या मधून दोन-तीन बारीक भोकं पाडून एका भोकातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून चिमटा-कात्री घालतात, छातीचं आवरण, गाठ किंवा फुप्फुसाचा छोटा तुकडा काढतात. डॉक्टर याला व्हॅट्स किंवा थोरॅकोस्कोपी म्हणतात. छाती मोठी उघडावी लागत नाही, त्यामुळे दुखणं कमी आणि मूल लवकर उठतं. पण भूल पूर्ण लागते, म्हणून "छोटंसंच आहे" असं समजून तयारीत ढिलाई नको.

टप्पा १: आधी सोप्या तपासण्या संपल्यात का ते बघा

लहान मुलांच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला बेडका काढून दाखव म्हटलं तर ते तो गिळून टाकतं. त्यामुळे निदान अवघड जातं हे खरं, पण अवघड आहे म्हणून लगेच ऑपरेशन असं नाही. त्याआधी हे व्हायला हवं:

छातीचा एक्सरे. मांटूची सुई, म्हणजे हातावर टोचून करायची टीबीची तपासणी, जी ४८ ते ७२ तासांत बघून घ्यायचीच, चौथ्या-पाचव्या दिवशी दाखवलेली सुई धरत नाहीत (आणि सुई पॉझिटिव्ह आली म्हणजे जंतू अंगात शिरलाय एवढंच कळतं, आजार आहेच असं नाही, यावरून बरेच जण उगाच घाबरतात). पोटातलं पाणी, म्हणजे पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून काढलेला नमुना, कारण रात्रभर गिळलेला बेडका पोटातच असतो. किंवा वाफ देऊन काढलेला बेडका. यातला नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर जायला हवा, सीबीनॅट साधारण दोन तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का हे सांगतं, आणि सरकारी टीबी केंद्रात ही तपासणी मोफत आहे.

पोटातल्या पाण्याच्या नमुन्यात एक चूक नेहमीची आहे. पहाटे नमुना काढायचा असतो आणि आजी मायेने आधीच दूध पाजते. मूल उठायच्या आत, अंथरुणातून खाली उतरवायच्या आधी तो नमुना घ्यावा लागतो. दूध पोटात गेलं की त्या दिवसाचा नमुना गेला.

छातीत पाणी झालं असेल तर सुईने पाणी काढून तपासतात. गाठ श्वासनळीला लागून असेल तर मोठ्या मुलांमध्ये श्वासनळीतून दुर्बीण घालून सुईने नमुना घेता येतो, त्याला भोकं पाडायची गरज नाही. मानेत किंवा काखेत गाठ लागत असेल तर छातीत जाण्याआधी तीच तपासा, किती सोपं काम आहे ते.

मग छातीत दुर्बीण कधी? हे सगळं निगेटिव्ह येऊन मूल सुधारत नाही तेव्हा, छातीत पाणी घट्ट होऊन कप्पे झालेत तेव्हा, मधल्या गाठी टीबीच्या की लिम्फोमाच्या (गाठींचा कॅन्सर) हे ठरत नाही तेव्हा, किंवा औषधं चालू असून मूल खालावतंय आणि जंतू औषधाला दाद देत नसेल अशी शंका आहे तेव्हा.

तपासा: "ऑपरेशनशिवाय नमुना मिळायचा दुसरा मार्ग उरलाय का?" हा प्रश्न सर्जनला सरळ विचारा. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.

टप्पा २: नमुना निघेपर्यंत औषधांच्या बाबतीत घाई नको

टीबीचा कोर्स आधी चालू केला आणि तीन आठवड्यांनी तुकडा काढला तर कल्चर उगवायची शक्यता कमी होते. एवढ्यावर भागत नाही. लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, अमिकॅसिन ही औषधं साध्या न्यूमोनियासाठीही कधीकधी दिली जातात आणि ती टीबीच्या जंतूवरही चालतात, म्हणजे मूल चार दिवस बरं वाटतं, ताप उतरतो, आणि खरा आजार झाकला जातो. स्टिरॉइडचं तर अजून वाईट, गाठ लिम्फोमाची असेल तर स्टिरॉइडने ती तात्पुरती विरघळते आणि तुकड्यात काही सापडत नाही.

म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांत दिलेली प्रत्येक बाटली, प्रत्येक गोळीचं पाकीट, प्रत्येक इंजेक्शनची चिठ्ठी एका पिशवीत घालून आणा. नाव आठवत नसेल तर रिकामी बाटलीच आणा. "लाल रंगाचं औषध होतं" यावरून कुणालाच काही कळत नाही.

सावध: मूल खूप आजारी असेल, टीबी मेंदूपर्यंत गेल्याची शंका असेल, झटके येत असतील, तर डॉक्टर नमुन्यासाठी थांबत नाहीत, औषध लगेच सुरू करतात आणि तेच बरोबर आहे. आणि चालू असलेला कोर्स स्वतःच्या मनाने "तुकडा काढायचाय म्हणून" बंद करायचा नाही. तो निर्णय फक्त डॉक्टरांचा.

टप्पा ३: हॉस्पिटल, कागद आणि पैसे

लहान मुलांच्या छातीत दुर्बिणीने काम करायला तीन गोष्टी एकाच छताखाली लागतात: लहान मुलांचा सर्जन किंवा मुलांची सवय असलेला छातीचा सर्जन, लहान मुलांना भूल देणारा भुलतज्ज्ञ आणि मुलांचा आयसीयू. नाशिकमध्ये सिव्हिल आहे, आडगावचं मेडिकल कॉलेज आहे, घोटीजवळ एसएमबीटी आहे, खासगी मुलांची हॉस्पिटलं तर बरीच आहेत, पण तुमच्या मुलाच्या वयाला आणि वजनाला ही तिन्ही माणसं त्या आठवड्यात तिथे आहेत का हे फोन करून नाही, प्रत्यक्ष जाऊन विचारा. नसतील तर मुंबईला परळला किंवा जेजेला पाठवतात, आणि त्यात कमीपणा काही नाही, फक्त फाईल पूर्ण घेऊन निघा, नाहीतर तिकडे सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

फाईल अशी लावा, जुनं खाली नवं वर: एक्सरेच्या फिल्म, सीटी स्कॅनची फिल्म आणि सीडी दोन्ही, मांटूची नोंद, सीबीनॅटचा कागद, रक्ताचे रिपोर्ट, लसीकरण कार्ड, वजनाच्या नोंदी. सीटी स्कॅनचा नुसता टाइप केलेला रिपोर्ट सर्जनला पुरत नाही, भोक कुठे पाडायचं हे त्याला चित्र बघून ठरवायचं असतं. ही सीडी घरी कपाटात राहिली म्हणून ऑपरेशन पुढे ढकललेलं आम्ही बघतो.

पैशाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं) टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधी तिथे जा, पैसे भरून झाल्यावर नाही. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार, मुलाचं आधार किंवा जन्मदाखला सोबत हवा. हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतंय आणि त्यात तुकड्याच्या तपासण्या धरल्यात का बाहेरून कराव्या लागतील, हे दोन्ही विचारा. दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नेमका तिथेच खिशाला चटका बसतो.

तपासा: निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा नंबर, निघालाय का? टीबीची शंका आहे एवढ्यावरही नोंद होते. टीबी केंद्रातल्या माणसाचा नंबर आईच्या आणि वडिलांच्या दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा, याचा उपयोग टप्पा ६ मध्ये आहे. नंबर मिळत नसेल तर निक्षयची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६.

टप्पा ४: भुलतज्ज्ञाला काहीही लपवू नका

ऑपरेशनआधी भुलतज्ज्ञ मुलाला तपासतो, त्याला पीएसी म्हणतात. आमच्याकडे बरेच आईबाप इथे सगळं "नाही नाही" म्हणून मोकळे होतात कारण भीती असते की काही सांगितलं तर ऑपरेशन रद्द होईल. उलट आहे हो, सांगितलं नाही तर टेबलावर गडबड होते.

हे सांगायचंच: मूल आडवं झोपल्यावर गुदमरतं का, उशा लावून बसूनच झोपतं का, झोपेत श्वासाचा घरघर-शिट्टीसारखा आवाज येतो का, चेहरा किंवा मान सुजते का. छातीतल्या गाठी श्वासनळी दाबत असतील तर भूल दिल्यावर स्नायू ढिले पडतात आणि वाट अजून बंद होते, म्हणून अशा मुलाला भूल द्यायची पद्धतच वेगळी ठेवावी लागते. आईला हे रात्री दिसतं, डॉक्टरला दिवसा दहा मिनिटांत दिसत नाही.

सर्दी-खोकला नवीन आहे की जुनाच, ताप कधी आला, दात हलतोय का (हो, दातही, श्वासाची नळी घालताना पडून आत जाऊ शकतो), कुठल्या औषधाची ॲलर्जी, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक या बाजूच्या कुटुंबांसाठी एक खास गोष्ट, सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झालीय का ते बघा. शाळेत झाली असेल तर कार्ड आणा, नसेल तर रक्त द्या. सिकलसेल असलेल्या मुलाला भुलेत ऑक्सिजन कमी पडणं, अंग गार पडणं, पाणी कमी पडणं हे फार महागात पडतं, आधी माहीत असलं की डॉक्टर त्याची तयारी ठेवतात.

रक्ताच्या बाकी तपासण्या नेहमीच्या: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठायची तपासणी, रक्तगट, एचआयव्ही. एचआयव्हीचं नाव ऐकून वडील चिडतात कधीकधी, पण टीबीची शंका असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी करायचा नियम आहे, तुमच्यावर संशय म्हणून नाही.

संमतीपत्रावर सही करताना एक ओळ नीट वाचून घ्या: "गरज पडल्यास छाती उघडून ऑपरेशन." आत सगळं चिकटलेलं निघालं, रक्त थांबेना, तर सर्जनला मोठा छेद घ्यावा लागतो. हे आधी माहीत असलं तर ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) मावशींनी निरोप आणला की काळजाचं पाणी होत नाही.

टप्पा ५: आदली रात्र आणि सकाळ

गावाकडून पहाटेच्या एसटीने येऊन त्याच दिवशी ऑपरेशन, हे नको. आदल्या दिवशी ॲडमिट व्हा. प्रवासात मूल रडतं, बिस्किट मागतं, शेजारची बाई कौतुकाने हातात देते आणि उपास मोडतो.

उपासाचे तास सहसा असे: जेवण, बिस्किट, गाईम्हशीचं किंवा डब्याचं दूध ६ तास आधी बंद. आईचं दूध ४ तास आधी बंद. साधं पाणी २ तास आधीपर्यंत, काही भुलतज्ज्ञ त्याहून जवळही देतात, त्यांचाच शब्द धरा. पोटात अन्न असेल तर भुलेत ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून हे तास.

आता चूक दोन्ही बाजूंनी होते. एक, चोरून काहीतरी भरवलं जातं. दोन, जी कुणाच्या लक्षातच येत नाही, रात्री आठला जेवलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाण्याच्या थेंबाशिवाय ठेवतात. आधीच वजन कमी, त्यात साखर उतरते, शिरा सापडत नाहीत, सुई दहा ठिकाणी टोचावी लागते. वेळ पुढे गेली की स्वतः सिस्टरकडे जा आणि विचारा "पाणी देऊ का, सलाईन लावताय का?"

सावध: चुकून काही खाल्लं तर खरं सांगा. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, दुसरं काही होणार नाही.

मुलालाही सांगा, खोटं नको. "डॉक्टर काका झोपेचं औषध देतील, उठशील तेव्हा कुशीत एक नळी असेल, ती ओढायची नाही, दुखलं तर सांगायचं." नळीचं आधी सांगितलेलं मूल ती ओढत नाही, हे मी वॉर्डात रोज बघते.

टप्पा ६: नमुना, आणि याच्यावर सगळं अवलंबून

आत ओटीत मुलाला कुशीवर झोपवतात, पाच मिलिमीटरच्या आसपासची भोकं, लहान मुलांत त्याहून बारीकही. छातीत जागा व्हावी म्हणून थोडासा कार्बन डायऑक्साइड कमी दाबाने सोडतात किंवा मोठ्या मुलात त्या बाजूच्या फुप्फुसाचा श्वास थांबवतात. आधी पाणी ओढून घेतात, मग आवरणावर पांढरे ठिपके, जाड झालेली जागा दिसते तिथून तुकडे. हे त्यांचं काम, त्यात आपण बोलायचं काही नाही. आपलं काम आदल्या दिवशी आणि तुकडा दारातून बाहेर आल्यावर.

आदल्या दिवशी सर्जनला, जमलं तर लिहून, हे विचारा:

१. तुकड्याचे किमान दोन भाग कराल ना, एक फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि एक साध्या सलाईनमध्ये टीबीच्या लॅबला?
२. सलाईनमधल्या भागावर सीबीनॅट, कल्चर आणि औषधांची संवेदनशीलता (कोणतं औषध लागू पडतं ते), तिन्ही लिहाल ना?
३. बुरशी आणि साध्या जंतूंचं कल्चरही जाणार का?
४. लिम्फोमाची शंका असेल तर त्यासाठी ताजा तुकडा वेगळा लागेल का?
५. नुसता कापसाचा स्वॅब तर पाठवणार नाही ना? टीबीसाठी स्वॅब फार कमी कामाचा, तुकडा किंवा पाणीच हवं.

डबीचं सांगते कारण चूक इथेच होते. टीबीच्या लॅबला जाणारी डबी निर्जंतुक, रुंद तोंडाची, आटे असलेल्या घट्ट झाकणाची. आत तुकडा ओला राहील एवढंच सलाईन, डबी काठोकाठ भरायची नाही. कोरड्या गॉजमध्ये गुंडाळलेला तुकडा वाळतो. फॉर्मलिनची डबी उलट, त्यात तुकड्याच्या दसपट तरी फॉर्मलिन लागतं. दोन्ही डब्या दिसायला सारख्या आणि आतलं पाणीही सारखंच रंगहीन, म्हणून ओटीच्या दारात कुणी हातात दिल्या तर झाकण उघडून वास घेऊन बघायचं नाही, फॉर्मलिनचा वास डोळ्यानाकाला झोंबतो आणि नमुनाही खराब होतो. लेबल वाचा. लेबलवर नाव, वय, रजिस्टर नंबर, तारीख, कोणती बाजू, कशाचा तुकडा आणि "सलाईन" किंवा "फॉर्मलिन" हा शब्द हवाच. लेबल झाकणावर नको, डबीच्या अंगावर, कारण लॅबमध्ये झाकण काढून बाजूला ठेवतात.

छातीतलं पाणी वेगळ्या नळ्यांत: एक पेशी, प्रोटीन, एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) यांसाठी, एक सीबीनॅट आणि कल्चरला. नुसत्या पाण्यावर अवलंबून राहू नका, छातीच्या पाण्यात जंतू फार कमी सापडतात, आवरणाच्या तुकड्यात जास्त. म्हणूनच तर ऑपरेशन केलं.

खासगी हॉस्पिटलात अनेकदा नातेवाईकालाच सांगतात, हा नमुना अमुक लॅबला नेऊन द्या. मग मामा तो शर्टाच्या खिशात घालतो, वाटेत जेवायला थांबतो, एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत डबी ठेवतो. असं नको. डबी झिपच्या पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पॅकसोबत थर्मोकोलच्या डब्यात, कागद वेगळ्या पिशवीत म्हणजे गळलं तरी भिजणार नाही. बर्फाला थेट चिकटवून नाही आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही. ऑपरेशन खासगीत असलं तरी सलाईनमधला नमुना सरकारी टीबी केंद्रामार्फत मोफत तपासून घेता येतो, तेवढ्यासाठीच टप्पा ३ मध्ये तो नंबर घ्यायला सांगितला. आदल्या दिवशी फोन करून विचारा किती वाजेपर्यंत घेता, शनिवारी-रविवारी कोण असतं. शनिवारी संध्याकाळचं ऑपरेशन असेल तर हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर सोमवारपर्यंत डबी वॉर्डच्या फ्रिजमध्ये पडून राहते.

तपासा: त्या दिवशी रात्री झोपायच्या आत तुमच्याकडे दोन पावत्या हव्यात, एक पॅथॉलॉजीची, एक टीबी लॅबची. एकच पावती असेल तर लगेच विचारा, उद्या नाही.

टप्पा ७: कुशीतली नळी

ऑपरेशननंतर नळीचं एक टोक छातीत आणि दुसरं पाण्याच्या बाटलीत असतं. मूल श्वास घेतं तसं नळीतलं पाणी वरखाली होतं, ते चांगलं लक्षण. बुडबुडे येतात म्हणजे हवा बाहेर पडतेय, पहिल्या दिवशी चालतं, वाढत गेले किंवा दोन-तीन दिवस थांबेनात तर डॉक्टर बघतील. पाणी हलायचं बंद झालं तर आधी चादर वर करून बघा, नळी मुलाच्या पाठीखाली दुमडलीय का, बहुतेक वेळा तेच असतं. नसेल तर सिस्टरला बोलवा.

बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी. संडासला नेताना, एक्सरेला नेताना, कॉटवर कडेला ठेवताना, कधीही छातीच्या वर उचलायची नाही, पाणी उलटं छातीत जातं. बुडबुडे येत असताना कुणी "नेताना क्लिप लावा" म्हटलं तर एकदा डॉक्टरांना विचारा, हवा आत कोंडली की फुप्फुस दबतं. बाटली आपण रिकामी करायची नाही, सिस्टर मोजून लिहितात.

सावध: नळी छातीतून निसटली तर स्वच्छ गॉज, तो नसेल तर हाताचा पंजा भोकावर दाबून धरा आणि ओरडून बोलवा. जोडातून सुटली तर छातीकडचा भाग बोटांनी चिमटीत दाबा, बोलवा. नळी परत आत घालायचा प्रयत्न करायचा नाही.

दुखणं दाबून ठेवू नका. दुखतं म्हणून मूल वरवर श्वास घेतं, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. औषध वेळेवर मागा, मग मुलाला साबणाचे फुगे फुंकायला द्या, कागदाची भिरभिरी द्या, बसवा, चालवा. फुगे फुंकणारं मूल तीन दिवसांत नळीमोकळं होतं आणि पडून राहिलेलं आठवडा काढतं असं आमचं वॉर्डातलं बघणं आहे. हवा येणं थांबलं, पाणी कमी झालं, एक्सरेत फुप्फुस फुललेलं दिसलं की नळी काढतात.

एक गोष्ट माणसांबद्दल. लहान मुलापासून टीबी पसरायची शक्यता सहसा कमीच असते, मुलाला तो घरातल्या मोठ्या माणसाकडून आलेला असतो. म्हणजे वॉर्डात उशाशी बसलेला, दोन महिने खोकणारा काका हाच खरा धोका असू शकतो, शेजारच्या कॉटवरच्या तान्ह्या बाळालाही. खोकणाऱ्याने मुलाजवळ थांबू नये, मास्क लावावा आणि त्याच दिवशी स्वतःचा बेडका तपासायला द्यावा. त्याचा जंतू सापडला तर मुलाच्या निदानालाही मदत होते.

टप्पा ८: घरी गेल्यावर

नळीच्या जागेची पट्टी किती दिवस ठेवायची, टाके काढायचे की विरघळणारे आहेत, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. हळद, राख, झाडपाला जखमेवर नको. सायकल, झाडावर चढणं, कुस्ती काही आठवडे बंद, शाळा दमत नसेल तर डॉक्टरांना विचारून.

धावत परत यायचं कधी: श्वास जोरात किंवा बरगड्या आत ओढून, ओठ निळे, ताप परत, जखमेतून पू, छातीच्या किंवा मानेच्या कातडीखाली दाबल्यावर चुरचुर लागतेय. १०८ ला फोन करा, बसची वाट बघू नका.

टप्पा ९: रिपोर्ट एकत्र करून वाचणं

रिपोर्ट एका दिवशी येत नाहीत, त्यामुळे पहिल्याच कागदावर लोक निर्णय घेऊन टाकतात. सीबीनॅट एक-दोन दिवसांत. पॅथॉलॉजी साधारण आठवडाभरात. द्रव कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं, घन माध्यमावर ८ आठवडे.

सीबीनॅट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही, असं नाही. जंतू थोडे असले की मशीनला सापडत नाहीत. अल्ट्रा या सीबीनॅटच्या नव्या तपासणीच्या कागदावर "ट्रेस" (अगदी थोडा अंश) लिहिलं असेल तर मुलांमध्ये ते पॉझिटिव्हच धरतात, फक्त रिफाम्पिसिनबद्दल त्यातून काही कळत नाही, ते कल्चर सांगेल. पॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमा आणि मधे पनीरसारखं कुजलेलं लिहिलं असेल तर टीबीची शक्यता खूप जास्त, पण बुरशीतही असं दिसू शकतं. आणि काहीच सापडलं नाही तरी डॉक्टर एक्सरे, मुलाचं वजन, घरातला रुग्ण हे सगळं मिळून कोर्स द्यायचं ठरवू शकतात.

कोर्स ठरला तर साधा टीबी असेल तेव्हा पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन औषधं, रोज, वजनावर. मूल औषधाने वाढतं, वजन वाढलं की डोस बदलावा लागतो, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभं करा आणि आकडा कार्डावर लिहून घ्या. जुन्याच डोसवर सहा महिने काढणं ही गावाकडची नेहमीची चूक. लघवी नारिंगी होते त्याला घाबरू नका. डोळे पिवळे, सारखी उलटी, जेवण सुटणं, नीट दिसत नाही अशी तक्रार, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दाखवा. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून मिळतात, आधी ५०० होते, त्यासाठी बँक खात्याची माहिती आशाताईंकडे किंवा टीबी केंद्रात द्या आणि जमा होतात का ते पासबुकात बघा.

घरातल्या सगळ्यांची तपासणी, विशेषतः पाच वर्षांखालच्या भावंडांची, राहून जाते कारण आजारी मुलाच्या धावपळीत कुणाला सुचत नाही. आजार नसला तरी त्यांना टीबी होऊ नये म्हणून औषध देतात.

आणि सहा आठवड्यांनी कल्चरचा रिपोर्ट मागायला स्वतः जा. तोपर्यंत मूल बरं वाटत असतं, वजन दोन किलोने वाढलेलं असतं, त्यामुळे कुणीच जात नाही आणि लॅबकडून कळवलं जाईलच असं धरून चालतात. त्या कागदावर आयसोनियाझिड किंवा रिफाम्पिसिनसमोर "रेझिस्टंट" (म्हणजे औषध लागू पडत नाही) लिहिलेलं असेल तर आत्ताचा कोर्स बदलायला लागतो, तोही लगेच. पावतीवरची तारीख बघा, त्यात ४२ दिवस मिळवा आणि तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच गोल करून ठेवा.